कूकोचं नाक आणि आंपारोची जीभ

शीहीच्या ब्रुअरीतली स्पर्धा मी तीनदा जिंकले आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणायचं, म्हातारी हरली म्हणून कुरकुरतेय. हरले हे खरं, कुरकुरतेय हेही खरं, पण गोष्ट माझी नाही, कूकोची आहे.

कॅलिफोर्नियात पासो रोब्लेस गावाच्या पश्चिमेला टेकडीवर माझी द्राक्षांची बाग आणि खाली रस्त्याला लागून कॉनर शीहीची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना. दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी कॉनर आम्हा आजूबाजूच्या वाइनवाल्यांना सकाळी नऊला बोलावतो. त्याच्याकडे सहा प्रकारची कडक बिअर दीड-दोन वर्षं ओकच्या पिंपांत मुरत पडलेली असते. कुठलं पिंप आधी व्हिस्कीचं, कुठलं ब्रँडीचं, कुठलं माझ्याच वाइनचं. एकेकटी प्यायली तर एक नुसती गोड, एक नुसती कडू, आणि एक अशी की घशाखाली उतरता उतरत नाही. त्यांचं मिश्रण करायचं काम आमचं. एका टेबलावर दोघं, सहा बाटल्या, एक मापाची नळी, एक काचेचा जग, आणि वेळ दोन तास. मग सगळे जग नावं झाकून फिरवायचे आणि प्रत्येकानं क्रम लावायचा. पहिलं येईल ते मिश्रण त्या वर्षीच्या मोठ्या बाटलीत जातं आणि बाटलीवर करणाऱ्याचं नाव छापतात.

रेफुहिओ ब्राकामोंतेस, म्हणजे आमचा कूको, माझ्या बागेत बारा वर्षं छाटणीला होता. मग कॉनरनं त्याला पळवला, त्याचा राग अजून गेलेला नाही. अठरा वर्षं तो त्या पिंपांच्या शेडमध्ये आहे. कुठलं पिंप पाझरतंय, कुठलं बिघडायच्या बेतात आहे, हे त्याला नुसत्या वासावर कळतं. पण स्पर्धेच्या दिवशी त्याचं काम काय, तर आमच्या बाटल्या भरायच्या आणि आम्ही चाखून थुंकतो त्या बादल्या रिकाम्या करायच्या. बादली उचलताना तो माझ्या जगावर नाक धरायचा आणि हळूच म्हणायचा, "मालकीणबाई, पाचव्या बाटलीतलं जरा कमी करा." मी करायचे. तीनदा कशी जिंकले ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

माणूस लाखात एक, पण एक खोड होती. रोज पिणारा नव्हता. प्यायला लागला की मात्र थांबायचा नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्याच्या मुलीचा, येसेनियाचा, साखरपुडा झाला. कूको आशीर्वाद द्यायला उभा राहिला आणि चाळीस मिनिटं बोलला. मुलाच्या वडिलांना तीनदा मिठी मारली, त्यांच्या टकलाचा मुका घेतला, आणि चौथ्या मिठीला तोल जाऊन दुधाच्या केकमध्ये बसला. तीन मजली केक होता. आम्ही हसलो, मीही हसले, खोटं कशाला बोलू. येसेनिया हसली नाही. ती दवाखान्यात नर्स आहे, आवाज चढवत नाही. बापाची पाठ ओल्या फडक्यानं पुसता पुसता म्हणाली, "बाबा, लग्नात चर्चमध्ये तुमच्या जागी मला हात धरून मामा घेऊन जाईल. तुम्ही पाहुण्यांत बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कूको चर्चमध्ये गेला आणि ग्वादालूपेच्या माउलीसमोर, म्हणजे त्यांच्या मेरीमातेसमोर, त्यानं एक वर्षाची शपथ घेतली. बारा ऑक्टोबर ते बारा ऑक्टोबर, दारूचा थेंब नाही. त्यांच्यात, मेक्सिकन लोकांत, असं करतात. फादर छोटं कार्ड देतात, त्यावर तारीख आणि सही. कार्ड त्यानं मुलीला दाखवलं. येसेनिया म्हणाली, "वर्ष पूर्ण करा. लग्न पुढच्या वर्षी अठरा ऑक्टोबरला आहे. मला तुम्हीच घेऊन जाल. पण एक थेंब जरी गेला तरी मामा." आणि ही पोरगी बोलते ते करते, अगदी आईवर गेलीय.

दहा महिने गडी पक्का राहिला. पिंपांवर दिवसभर वाकायचा, पण चाखायचं काम दुसऱ्याकडे. आणि मग काय झालं, तर दर वर्षी स्पर्धेला बसणाऱ्या हॅकेट नवरा-बायकोचा घटस्फोट झाला. त्यांचं टेबल रिकामं पडलं, आणि कॉनरला अठरा वर्षांनी अक्कल आली. तो शेडमध्ये जाऊन म्हणाला, "कूको, या वेळी तू बस टेबलावर. जोडीला कोणीही आण."

शपथेचं कॉनरला माहीत नव्हतं, आणि कूकोनं सांगितलं नाही. ज्याची अठरा वर्षं वाट पाहिली ते समोर आल्यावर तोंडातून शब्द कसा फुटणार. तो तडक गेला फादर थुआनकडे. हे सगळं मला त्यानंच नंतर सांगितलं.

"फादर, एका सकाळची परवानगी द्या. लग्नकार्याला लोक मागतात, तुम्ही देता."

"देतो," फादर म्हणाले. "पण तू शपथ माउलीला दिलीस आणि शब्द मुलीला. माझी सही नुसती साक्षीची. मुलीला विचारलंस?"

"नाही."

"मग मला कशाला विचारतोस?"

"नुसतं चाखून थुंकायचं असतं, फादर. वाइनवाले दिवसभर थुंकतात."

"तू थुंकशील?"

कूको माझ्याशी खोटं बोलेल, फादरांशी बोलवलं नाही. तो म्हणाला, "पहिले दोन घोट थुंकेन. तिसऱ्याचं सांगता येत नाही."

फादर हसले म्हणे, आणि त्याला घरी पाठवलं.

शनिवारी तो आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि जोडीला बायको आंपारो. आंपारो म्हणजे आमच्या खोऱ्यातली मोलेवाली. मिरच्या, तीळ, शेंगदाणे, चॉकलेट आणि आणखी वीस जिन्नस वाटून ती जी आमटी करते, तिच्यासाठी लोक चर्चची जत्रा सोडत नाहीत. दारूला तिनं जन्मात शिवलेलं नाही. मांडीवर पर्स घेऊन ती खुर्चीत अशी बसली की जणू बँकेचा पहारेकरी. मी विचारलं, "तू इथं कशी गं?" तर म्हणाली, "याच्यावर लक्ष ठेवायला. तुम्ही तुमचं करा, व्हर्नाबाई."

सुरुवात झाली. आम्ही घोट घेतोय, थुंकतोय, वहीत लिहितोय. कूको नुसता वास घेत होता. नळीत मोजून ओतायचा, पेला फिरवायचा, नाक आत घालायचा, डोळे मिटायचा. तासाभरात त्यानं पाच पेले उभे केले, आणि तिथंच अडला. नाक पेल्यापर्यंत नेतं. जिभेवर काय होईल ते जिभेलाच कळतं. कपाळावर घाम आलेला मला माझ्या टेबलावरून दिसत होता. त्यानं मधला पेला उचलला, वास घेतला, परत घेतला, आणि पेल्याची कड ओठाला लागली.

माझं स्वतःचं मिश्रण मी विसरले. ओरडावं की गप्प बसावं कळेना. आंपारो त्याच्याकडे बघतही नव्हती, खाली पर्सच्या कडीकडे बघत होती. पहारा करायला आलेली बाई, पण त्या घटकेला तिनं त्याला अडवलं नाही. का, ते मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "शपथ त्याची होती. मी हात धरला असता तर ती माझी झाली असती."

कूकोनं पेला खाली ठेवला. बाहीनं ओठ पुसले, चांगले दोनदा. मग पेला बायकोपुढे सरकवला.

"म्हातारे, तू चाख."

"मी? डोकं फिरलंय का तुझं? मला त्याचा वाससुद्धा सोसत नाही."

"मोलेतलं मीठ तुला बघता बघता कळतं. ही पण आमटीच समज."

आंपारोनं छातीवर क्रॉसची खूण केली, औषध घ्यावं तसा डोळे मिटून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. आम्ही सगळे हसलो. मग ती म्हणाली, "नुसतं गोड आहे. लाडावलेलं पोर आहे हे. याला कोणीतरी दटावणारं पाहिजे."

"दटावणारं चौथं आहे," कूको म्हणाला. "ब्रँडीच्या पिंपातलं. पण ते फार कडू, फार लाकूड."

"मग घाल ना. मोलेत मिरची करपवतात ती कशाला?"

"करपवतात, जाळत नाहीत. थोडंच घालतो."

"थोडं नको. हात आखडू नकोस म्हाताऱ्या, तुझ्या बापाचं जातंय का?"

अशी जुंपली दोघांची. तो वास घ्यायचा, ती घोट घ्यायची. "आता तळाला लागल्यासारखं वाटतंय." "मग पहिलं वाढवतो." "आता बरं, पण शेवटी जीभ कोरडी पडते." "ते माझ्या मालकीणबाईंच्या वाइनचं पिंप, त्यांचा स्वभावच तसा." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एक गोष्ट मात्र कूको सांगायला विसरला: थुंकायचं असतं. आम्ही बादली दाखवली तर आंपारो म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी येऊन थुंकू? मला माझ्या आईनं तसं शिकवलेलं नाही." ती बिअर म्हणजे वाइनइतकीच कडक. अकरा वाजेपर्यंत आंपारोचे गाल लाल झाले, पर्स कुठे गेली याची शुद्ध नाही, आणि केकची गोष्ट ती सगळ्या टेबलांना हातवारे करून सांगत होती. कूको बिचारा कोरडाठाक, हळू आवाजात म्हणतोय, "अगं बस खाली, लोक बघतात." तीस वर्षं हे वाक्य तिनं त्याला म्हटलेलं मी ऐकलंय.

मग जग फिरले. नावं झाकलेली. माझ्या मिश्रणाचा घोट घेऊन आंपारो सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे कोणी केलं? गोणपाट भिजवून पिळलंय." मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिले. आणि मी पहिला नंबर ज्या जगाला दिला तो इतका छान होता की मला वाटलं, खालच्या बागेतल्या, कॉलेजात वाइन शिकून आलेल्या पोरांचा असणार. तोंडात आधी अंजिरासारखा गोडवा, मग मागून एक कडू धाक, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ ऊब. चाळीस वर्षांत असं मला एकदाही जमलं नाही, आणि त्या मिनिटाला मला त्याचं वाईट वाटलं.

कॉनरनं कागद उघडला. जग कूको-आंपारोचा. दुसऱ्याहून सात गुणांनी पुढे.

टाळ्या झाल्या. जिंकणाऱ्यानं पहिला पेला सगळ्यांसमोर प्यायचा असतो. कॉनर भरलेला पेला घेऊन आला तर कूको म्हणाला, "माझी पाळी ऑक्टोबरात, शीहीसाहेब. मुलीला शब्द दिलाय." कॉनरचं तोंड बघण्यासारखं झालं. "म्हणजे तू न चाखता केलंस?" तर आंपारो मध्येच उठून म्हणाली, "चाखलं मी. द्या इकडे." तिला मी आणि माझ्या टेबलावरच्या जोडीदारणीनं धरून बसवलं.

घरी जाताना गाडी कूकोनं चालवली. मेजवानीहून परतताना तो चालवतोय आणि ती शेजारी गातेय, असं पहिल्यांदाच घडलं. दारात येसेनिया उभी होती. आंपारोनं फोनवर सगळं आधीच ओकून टाकलं होतं. पोरीनं नर्सच्या सवयीनं आधी बापाच्या तोंडाचा वास घेतला, मग आईच्या. मग आईला झोपवून आली आणि बापाला कॉफी करून दिली. त्या रात्री तिनं मामाला फोन करून सांगितलं की तुझ्या कोटाचं माप राहू दे.

अठरा ऑक्टोबरला कूको तिला चर्चमध्ये घेऊन गेला. इतका ताठ चालला की मला वाटलं पाठीत पेटका येईल. शपथ संपून सहा दिवस झाले होते आणि त्यानं अजून पेल्याला हात लावला नव्हता. दुपारी जेवणाच्या मांडवात कॉनरनं नव्या बाटलीचं खोकं आणलं. लेबलवर दोन्ही नावं, आंपारो ब्राकामोंतेस आणि खाली रेफुहिओ ब्राकामोंतेस. बाटली येसेनियानं उघडली. नवरीच्या पोशाखात उभी राहून तिनं स्वतःच्या हातानं बापाचा पेला भरला आणि म्हणाली, "घ्या बाबा. आता मी देतेय."

कूकोचे डोळे भरले, माझेही. त्यानं वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"चौथ्याचं जास्त झालंय," तो म्हणाला. "मी चाखलं असतं तर निम्मं केलं असतं."

"मग तू माझ्याशी हरला असतास," मी म्हटलं. "त्या जास्तीच्या चौथ्यानंच जिंकलास, गाढवा."

त्यानं परत घोट घेतला. विचार केला. बायकोकडे बघितलं. आंपारो गोडाची ताटं मोजत होती, तिनं मान वरसुद्धा केली नाही. मग कूको हसायलाच लागला, खांदे हलेपर्यंत, आणि म्हणाला, "खरंय. मी नासवलं असतं."

तेवढ्यात वाजंत्र्यांनी बाप-लेकीच्या नाचाचं गाणं सुरू केलं. येसेनियानं हात पुढे केला आणि तो उठला. पेला तसाच, दोन घोटच कमी. मी वाट बघितली. एक नाच झाला, दुसरा झाला, मग त्याला नवऱ्याच्या आईनं ओढलं, मग त्या टकल्या वडिलांनी. पेल्याची त्याला आठवणच राहिली नाही. अशी बिअर वाया घालवण्याइतकी मी श्रीमंत नाही, म्हणून शेवटी ती मीच प्यायले.