आमाच्या हातचा टिळा

माझा स्वभाव चौकस. नवरा त्याला भोचकपणा म्हणतो, म्हणू दे. समोर बाळाबाईंच्या खाणावळीत नेपाळची पोरं जेवायला येऊ लागली, तेव्हापासून मी काहीबाही निमित्त काढून रोज डोकावते. आधी शेतकी शिकायला दोघे आले. धारवाडला पोटभर भात मिळतो, असं त्यांनी गावाकडं कळवलं असणार, कारण पुढच्या वर्षी भाऊ, मावसभाऊ, शेजारी असे सगळे आले. आता विद्यापीठातल्या नेपाळी पोरांच्या दोन दोन पंगती उठतात.

बाळाबाई मूळच्या कलघटगीच्या. नवरा गेल्यावर त्यांनी खाणावळ काढली आणि कुणाच्या तोंडाकडं न बघता चालवली. जीभ तिखट, वाढायचा हात सढळ. पोरं त्यांना ‘आमा’ म्हणतात, म्हणजे आई.

यंदा घट बसायच्या दिवशी बिनिता नावाची मुलगी मातीनं भरलेली टोपली घेऊन आली. तिचं इथलं हे पहिलंच वर्ष. जव पेरायला तिला अंधारा कोपरा हवा होता.

“तुमच्यातही घट बसतात?” मी विचारलं.

बसतात की, तिनं सांगितलं. दसऱ्याला घरातलं मोठं माणूस दही-तांदळात लाल रंग कालवून कपाळभर टिळा लावतं, जवाचे पिवळे अंकुर कानावर खोचतं आणि आशीर्वाद देतं.

“आणि टिळा नाहीच लावला तर?”

“तर दसरा झालाच नाही,” ती म्हणाली.

दसऱ्याला सकाळी बाळाबाईंची हाक आली. “रेखा, जरा ये गं. ही पोरं माझ्याकडनं टिळा लावून घ्यायचं म्हणायलीत. खुळी हैत. तू सवाष्ण, तू लाव.”

मी नटूनथटून तोऱ्यात गेले. पोरं ओळीनं मांडी घालून बसली होती. मी वाटीत बोटं घातली, तशी पहिली बसलेली बिनिता मागं सरली. हिंदीत म्हणाली, “आंटी, रागावू नका. आम्ही आमाच्या हातचं खातो.”

मला राग आलाच. सणासुदीला बोलावलेल्या बाईला कुणी असं परत पाठवतं का?

बाळाबाई दारातच उभ्या होत्या. “अगं, माझा नवरा नाही. परमुलखात आलीस, माझ्या हातानं तुझं काही वाईट झालं तर?” पोटच्या लेकाच्या लग्नातसुद्धा त्या औक्षणाच्या वेळी मागं सरल्या होत्या, मी पाहिलंय.

बिनिताला खरंच काही कळेना. मग म्हणाली, “मी शाळेत असताना माझे बाबा गेले. दरवर्षी मला टिळा आईच लावते. तिच्या हातचा वाईट कसा असेल?”

माझा राग कुठं गेला कोण जाणे. मी वाटी बाळाबाईंच्या हातात दिली.

त्यांनी भीत भीत एक बोट बुडवलं. “असं नाही आमा, भरपूर!” पोरं ओरडली. मग मात्र बाई थांबेनात. दही भुवयांवर ओघळलं. एकाला “मोठा हो”, दुसऱ्याला कन्नडमधून “नूरु वर्ष बाळु”, शंभर वर्षं जग.

ओळ संपली. वाटीत थोडं उरलं होतं. इतकी वर्षं मी निघताना बाई कुंकवाचा करंडा माझ्याकडं नुसता सरकवायच्या, “लाव तुझं तू” म्हणायच्या. आज म्हणाल्या, “बस की रेखा. तू पण लहानच हैस माझ्यापरीस.”

मी बिनिताशेजारी फरशीवर बसले आणि कपाळ पुढं केलं. डोळे घट्ट मिटले, तरी रडू आलंच.