आवळलेला स्क्रू

कोणी ड्रायव्हर, म्हणजे गोल्फचा लांब फटक्याचा क्लब, उचलला की काका डोळे मिटून घ्यायचे. फटक्याचा कडक आवाज झाला की उघडायचे आणि विचारायचे, "कुठे गेला?"

गोल्फचे क्लब नीट करणाऱ्या माणसाने फटका बघूच नये, याचं आम्हाला हसू यायचं. ठाण्यात वर्तकनगरच्या पुढे, जाळी लावलेल्या सरावाच्या मैदानात कडेच्या टेबलाशी ते बसत. राहायला डोंबिवलीत. तिथल्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवली होती. मग स्फोट झाला आणि कारखाना बंद पडला. दारावरची बेल वाजली तरी दचकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका तसे होते.

"मग एवढ्या आवाजात नोकरी कशाला धरलीत?" मी एकदा विचारलं.

"इथे आवाज येणार हे आधी दिसतं, साहेब. तिथे दिसलं नव्हतं."

मीही भीतीपोटीच तिथे गेलेलो. नव्या बॉसने मोठ्या गिऱ्हाइकांसोबत गोल्फ खेळायला बोलावलं होतं, आणि माझा लांबचा फटका दरवेळी उजवीकडे वळून जाळीत शिरायचा. हसं होणार, या धास्तीने मी दुकानातला सगळ्यात कडक दांड्याचा ड्रायव्हर घेतला होता.

काकांनी मला पाच-सहा फटके मारायला लावले. "हा दांडा तुमच्या हाताला झेपत नाही. क्लबचं डोकं सरळ व्हायच्या आत बॉल निघून जातो." त्यांनी मऊ दांडा लावला, डोक्याचा स्क्रू काढून कोन एक खूण वाढवला आणि खास किल्लीने स्क्रू आवळला. मग तीनदा ओढून पाहिलं. "दहा पावलं कमी गेला तरी चालेल. सरळ जाऊ दे."

सरळ गेला. पण मला ती दहा पावलंही हवी होती. रविवारी घरी साध्या किल्लीने मी स्क्रू काढला, कोन होता तसा केला आणि अंदाजाने आवळला.

सोमवारी सकाळी तिसऱ्याच फटक्याला माझ्या हातात नुसता दांडा राहिला. डोकं सुटून तिरपं गेलं आणि काकांच्या कानापासून वीतभर अंतरावर लोखंडी खांबावर आदळलं.

काका टेबलाखाली शिरले. तिथूनच ओरडले, "माणसं मोजा! आधी माणसं मोजा!"

सगळे थिजलेले. शेवटी मीच मोजली. अकरा.

"परत मोजा!"

अकराच होती. ते बाहेर आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. ते डोकं उचलून त्यांनी स्क्रूची जागा बोटाने चाचपली. "त्या दिवशी कारखान्याच्या गेटवर मोजलं, तर एक कमी भरला," ते हळूच म्हणाले. "तिथला बोल्ट मी आवळला होता की राहिला होता, मला आठवत नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "हा पण मीच आवळलेला ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून काका आले नाहीत. मालकाला सांगून गेले, "माझा हात गेला."

पंधरा दिवस गेले. शेवटी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. बेल दाबायचं धाडस झालं नाही, म्हणून दार वाजवलं. काकूंनी उघडलं.

"ते गावी भावाकडे गेलेत," त्या म्हणाल्या. "गॅसचं बटणसुद्धा स्वतः बंद करेनात. मी बंद केलं की परत बघायला लावायचे."

दारातच उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग गावी फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"काका, तो स्क्रू मी काढलेला. घरी. तुम्ही आवळलेला बरोबर होता."

शिव्या देतील असं वाटलं.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता?"

"नाही, काका."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. मग त्यांनी लहान आवाजात विचारलं, "आणि कारखान्यातला?"

ते मला कसं ठाऊक असणार? काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पलीकडे काका थांबले होते. मी फोन कानाला घट्ट धरून तसाच उभा राहिलो.