बहिणीची साखर आणि तात्यांचा शेअर

इंदापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. साखर कारखान्याच्या निवडणुकीतली उरलेली पत्रकं. ती तेच लिहायचे आणि वाटायचेही तेच. "मागची बाजू कोरी हाय. वह्या कशाला इकत घ्यायच्या?" पुढच्या बाजूला ठळक छापलं होतं: सभासदांनो, शेअर म्हणजे तुमचा आवाज. तो कुणाला देऊ नका.

आमच्या शेळगावात शेअर या शब्दाला एवढाच अर्थ होता. शेअर असला की माणूस सभासद. तो कारखान्याच्या सभेत उभा राहून बोलणार, दिवाळीला सवलतीची साखर आणणार. पुण्यात हाच शब्द जागोजागी भेटायला लागला. शेअर रिक्षा. आम्ही तिघी एका खोलीत, तर खोली शेअर. ऑफिसात फाइल शेअर कर, आणि मैत्रिणी दुःखसुद्धा शेअर करायच्या. मुद्रितं तपासायच्या नोकरीत एक जाड इंग्रजी कोश हाताशी होता, त्यात एकदा शोधला. मुळात अर्थ कापणं. कापून वेगळा केलेला तुकडा. नांगराच्या फाळालाही तिकडं हाच शब्द, त्याच्याही मुळाशी कापणंच. मी हे पत्रकाच्या मागं लिहून ठेवलं आणि तात्यांना फोनवर सांगितलं. ते खूश झाले. "म्हंजी इंग्रजबी शेतकरीच की!"

तात्या गेल्या वर्षी वारले. महिन्याभरानं दादानं माझ्यापुढं संमतीपत्र ठेवलं: तात्यांचा शेअर भावाच्या नावावर करायला माझी हरकत नाही. आमच्याकडं बहिणी अशी सही करतात. मग साडी मिळते, आणि दर दिवाळीला भाऊ आपल्या साखरेतली एक पिशवी पोचवतो. तिला बहिणीची साखर म्हणतात.

"दोघांची नावं लागतात का, कारखान्यात विचारलंस?" मी म्हणाले.

"विचारायचं कशाला? आजवर कुणी विचारलंय व्हय? ऊस मी लावतो. तू पुण्यास्नं सभंला येणार हायस का?"

"येईन की. एसटीनं."

"आन् भाषण बी ठोकशील!"

"ते तर आधी."

दादा हसला. आई हसली नाही. "बाई, सही कर. म्हायार तुटंल."

पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही तात्यांचीच शिकवण. मी त्यांची फाइल काढली. त्यात आजोबा गेल्यावरचं संमतीपत्र निघालं. मजकूर तात्यांच्या अक्षरात, खाली माझ्या आत्याची सही. गावभर 'आवाज देऊ नका' सांगणाऱ्या माणसानं सख्ख्या बहिणीचा आवाज एका पिशवीत घेतला होता. आणि लहानपणी दर दिवाळीला ती पिशवी मांडीवर धरून, त्यांच्या स्कूटरवर मागं बसून, मीच वडगाव निंबाळकरला आत्याकडं जायचे. तात्यांसारखा भाऊ जगात नाही, असं मला वाटायचं. त्या दिवशी त्यांच्याशी कडाकडा भांडायचं होतं आणि ते नव्हते. हा राग कुठं ठेवायचा, मला अजून कळलेलं नाही.

मी सही केली नाही. कारखान्याला द्यायच्या अर्जावर 'दोघांची नावं लावावीत' असं लिहून तो दादाला दिला. त्यानं तो पुढं नेला नाही. यंदाच्या दिवाळीत साखर आली नाही. आत्याचा फोन मात्र आला. "तुझी पिशवी आली न्हाय म्हणं? माझ्यातली निम्मी ने."

"आत्या, तू तेव्हा सही का केलीस?"

ती म्हणाली, "तुझ्या बापानं समदा कागद वाचून दावला व्हता की. पर तुला काय वाटतंय, असं न्हाय इचारलं."

बाहेर पडलेल्या बहिणींनो, आणि गावात राहिलेल्यांनोही, मला साखर नको आहे. ती पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मला त्या सभेत उभं राहून बोलायचं आहे.

पूर्वी कुणी घर विचारलं की मी शेळगाव म्हणायचे. आता मनात दुसरंच येतं. जिथं एक कागद माझ्या सहीवाचून अडून पडलाय, ते माझं घर.