ज्यूरीतून सुटका

अमेरिकेची सिटिझनशिप मिळाली त्या दिवशी आमच्या मराठी मंडळींतल्या प्रत्येकाने चिमुकला झेंडा हातात धरून फोटो काढलेला आहे. पण त्याच देशाचं ज्यूरी ड्यूटीचं पत्र घरी आलं की आमच्या तोंडचं पाणी पळतं. समोरचा माणूस दोषी आहे की नाही, हे बारा सामान्य लोकांनी ऐकून घेऊन ठरवायचं, एवढंच ते काम. तेवढंही आम्हाला जड होतं.

शुगर लँडमधल्या आमच्या शनिवारच्या जेवणांत यावर फुकट सल्ले मिळतात. तीस वर्षं तेल कंपनीत इंग्रजीतून भाषणं ठोकलेल्या एका काकांनी जजला सांगितलं होतं, की मला इंग्रजी नीट समजत नाही. पुरणपोळीवर तूप ओतत ते हे अभिमानाने सांगतात. माझं पत्र आलं तेव्हा म्हणाले, "तू सांग, पोलिसांनी अरेस्ट केलं म्हणजे त्याने काहीतरी केलंच असणार. असल्या माणसाला आरोपीचा वकील ज्यूरीत ठेवत नाही, तुला लगेच घालवतो बघ." असल्या लोकांची मला मनापासून चीड येते. सल्ला मात्र मी लक्षात ठेवला. त्याच आठवड्यात आमचं सॉफ्टवेअर लाइव्ह जाणार होतं आणि माझ्यावाचून ते अडेल अशी माझी समजूत होती.

कोर्टात बोलावलेले आम्ही साठेक जण, प्रश्न विचारून त्यातले बारा निवडायचे. प्रत्येकाच्या हातात नंबराचा पुठ्ठा. आरोपी माझ्याच वयाचा, रंगारूपाने आपल्याकडचा वाटावा असा. पार्किंग लॉटमध्ये त्याने पोलिसाला मारलं, असा आरोप. तिसरं कोणी बघितलेलं नाही. पोलिसाचा शब्द आणि याचा शब्द. सगळ्या चेहऱ्यांवरून फिरत त्याची नजर माझ्यापाशी थांबली, आणि त्याचे खांदे जरा सैल झाले.

त्याच्या वकीलबाईंनी विचारलं, पुरावा ऐकण्याआधीच याला दोषी मानणारं इथे कोणी आहे का? मी पुठ्ठा वर केला. काकांचं वाक्य इंग्रजीत म्हटलं, एकदाही न अडखळता. तो माणूस खाली टेबलाकडे बघू लागला. माझं ऐकून मागे आणखी दोन पुठ्ठे वर झाले. जजसाहेबांनी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि थोड्या वेळाने मला घरी जायला सांगितलं.

परतताना गाडीत एसी फुल करून मी स्वतःला समजावत राहिले, की सुटायचं म्हणून बोलले. पण टीव्हीवर बेड्या घातलेला माणूस दिसला की मी दर वेळी हेच म्हणते, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना. लाज वाटली.

संध्याकाळी मुलीला काकांचा सल्ला आणि कोर्टात मी काय म्हटलं ते सांगितलं. ती इथेच जन्मली, हायस्कूलमध्ये आहे.

"आई, यू लाइड इन कोर्ट?"

"हो," मी म्हटलं.

दिवसभरात मी तेवढं एकच खोटं बोलले.