घार वर कशी राहते

दुपारी जेवणं उरकून स्वयंपाकघरातच पाठ टेकते, डोळा धड लागलेलाही नसतो, तोच प्रमिला उंबऱ्यात उभी. माझी धाकटी जाऊ. आजच तिचं श्राद्ध घातलंय.

"पान पोचलं का?" मी विचारते.

"पोचलं. आमटीत मीठ जरा जास्त झालं होतं, जाऊबाई."

मेली तरी खोड गेली नाही. शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे चुका काढायची सवय.

आज तिचं तोंडही बघायचं नव्हतं मला. माझा उदय विमानांचे पंख बनवतो. सकाळी त्याचा फोन आला, तर पहिलाच प्रश्न, "काकीचं पान वाढलंस ना?" माझ्याशी बोलायचं म्हणजे गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे. काकीशी मात्र तासन्‌तास पंख, वारा, पाखरं. मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प व्हायची, परकं कुणी आल्यासारखी. पोर माझं, बोलणं सगळं तिचं.

स्वयंपाकघराला भिंतीच नाहीत. आम्ही गच्चीवर आहोत आणि गच्ची हळूहळू तिरकी होतेय. खाली पत्र्याची घरं, वर एक घार.

"माझ्या पोराला काय भूल घातलीस गं?"

"भूल कसली? घार पंख न हलवता वर कशी राहते, एवढंच विचारलं त्यानं."

"मला नाही विचारलं ते!"

"आधी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तिला पोळ्या लाटायच्या नसतात म्हणून."

"मग? खोटं काय त्यात? घरभर माणसांच्या पोळ्या होत्या माझ्या अंगावर. तू शाळेतून यायचीस ती थेट ताटावर."

"खरंय. तुम्ही लाटत होतात, म्हणून मला बोलायला वेळ होता."

पायाखाली आता विमानाचा पंख आहे, थरथरतोय. ती टोकाकडे चालू लागते.

"थांब!" मी ओरडते. "मलाही सांग ते."

तिच्यापुढे हे बोलताना जीभ किती जड झाली, माझं मला ठाऊक. पण दुसरं कोण सांगणार? सून हसेल. उदय म्हणेल, राहू दे गं आई.

"शिकायचंय, जाऊबाई?"

"शिकायचं नाही. सांग म्हणते."

"घार हवेतून खालीच घसरत असते. पण तापलेल्या पत्र्यावरची हवा त्याहून जोरात वर चढते. त्या हवेत ती गिरक्या घेत राहते."

"आणि विमान?"

"त्याला इंजिन पुढे ढकलतं. पुढे जाताना पंख हवेला खाली लोटतात, हवा पंखांना वर लोटते." ती कुठूनसा पेपर काढते, एक लांब पट्टी फाडते. "खालच्या ओठाशी धरा. वरून फुंका."

"वेड लागलंय का मला?"

"इथे बघतंय कोण?"

मी फुंकते. लोंबणारी पट्टी उठते, तरंगते.

"बघितलंत? वाकलेल्या पट्टीला धरून फुंकर खाली वळते, पट्टी वर येते. उदयनं पहिल्यांदा केलं तेव्हा..."

"त्याचं नाव काढू नकोस आत्ता!"

ती खळखळून हसते. हसणं ऐकू येतंय, पण ती नाही. पंखाचं टोक रिकामं.

डोळे उघडते. मी आडवीच आहे. हातात पेपरची फाटकी पट्टी, एक टोक ओठांच्या ओलीनं मऊ झालेलं. उठून बसते, ओठाशी धरते, फुंकते.

पट्टी उठते की!

आता उदयला फोन लावते. घार वर कशी राहते, ते आज मी सांगणार त्याला. कुणी शिकवलं, ते मात्र मुळीच सांगणार नाही.