याकोबभाऊंची श्रीमंती

याकोबभाऊंकडे जेवायला जायचं तर घरून थोडं खाऊन जावं लागे. ताट वाढलं की ते डोळे मिटत आणि देवाचे आभार मानू लागत. भाकरीचे, बोंबलाच्या चटणीचे, विहिरीच्या पाण्याचे, लाईट दुरुस्त करून गेलेल्या वायरमनचे. चटणीवर माश्या बसत. त्यांचेच आभार तेवढे राहून जात. एकदा मी म्हणालो, "भाऊ, देवाला घाई नसेल, पण मला शाळा आहे." एक डोळा उघडून ते म्हणाले, "मंग आमेन म्हना की गुरुजी. सुटाल."

पिंपरी पेंढारला माझी बदली झाली आणि ते माझे शेजारी झाले. पत्र्याची एक खोली, लंगडा पाय, एकटा जीव; बोलणं मात्र इनामदाराचं. "आपल्याला काय कमी हाय, राव?" हे त्यांचं पालुपद. काय कमी आहे ते सगळ्या गावाला दिसत होतं.

त्यांनी कोंबड्या पाळल्या, त्या बिबट्यानं नेल्या. टोमॅटो लावले, ते गारांनी झोडपले. "तुमचा येशू बिबट्यालाही जेवू घालतो वाटतं," मी चिडवलं. "घालतो की! पर दर टायमाला माज्याच खुराड्यातनं घालतो, येवढं मी त्याला बोलनार हाय." रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी मला मुद्दाम हाक मारून सांगितलं, "बोललो त्याला."

पूर्वी ते असे नव्हते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जन्मानं ख्रिस्ती, पण चर्चशी संबंध नाताळच्या केकपुरता. तेव्हा त्यांच्याकडे टेम्पो होता. बेल्ह्याच्या बाजारात जनावरं पोचवायची आणि येताना पिऊन यायचं. एकदा तशातच टेम्पो उलटला. शेजारी त्यांची लहानगी मुलगी रूथ बसलेली. त्यांचा पाय अधू झाला. तिचा हात मोडला, तो कायमचा वाकडाच राहिला. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, ती परतली नाही.

"दवाखान्यात पडलो व्हतो," ते म्हणाले. "बघाया कोनी न्हाई. तवा त्याला इचारलं, तुला तरी मी चालंन का? आला, गुरुजी. मी दारू सोडली, पर त्यानं मला न्हाई सोडलं."

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. रूथ मंचरला नर्स होती. मीच तिला फोन केला. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली आणि त्यांची नाडी बघू लागली.

"रूथ, तुजं ल्हानपन मी पिऊन टाकलं गं," भाऊ म्हणाले.

तिनं नाडी मोजून संपवली. "हो पप्पा, टाकलंत. मम्मीनं माफ केलेलं नाही. माझंही अजून ठरत नाही. पण तुमची औषधं मी देणार."

ती पाणी गरम करायला वळली. भाऊंनी माझा हात घट्ट धरला. "ऐकलंत? पप्पा म्हनली." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "आता आपल्याला काय कमी हाय, राव? तुमी जरा भाईर जा. मला रडायचंय, आन तुमी लई हसवता."

रूथ रजा काढून राहिली. थोड्याच दिवसांत भाऊ गेले. शवपेटी उचलताना ती पुढे झाली आणि तिनं वाकड्या हाताच्या बाजूनंच खांदा दिला.

"पोरी, बाजू बदल," मी हळूच म्हणालो.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "झेपतंय."