नवमीचा गुलाबी घाणा

मी काय काम करते हे आमच्या घरात कुणालाही धड सांगता येत नाही. लाकडाचा लगदा पाण्यात कालवून दोन दगडी चकत्यांमधून पुन्हा पुन्हा दळायचा. तंतू फाटत फाटत डोळ्यांना दिसेनासे होतात आणि ते पातळ पाणी दह्यासारखं दाट होतं. त्या तंतूंना नॅनोफायबर म्हणतात. दळतं मशीन, मी मोटरवरचा ताण, चकत्यांची गरमी, दाटपणा बघत बसते. आईच्या मते मी चक्कीवर नोकरीला आहे.

आमचं घराणं फौजेतलं, त्यामुळे खंडेनवमीची शस्त्रपूजा अगदी कडक. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत शस्त्राला हात लावायचा नाही. तलवार केव्हाच गंजली, म्हणून पाटावर मिक्सर, इस्त्री आणि स्कूटरची किल्ली असते आणि त्या दिवशी आम्ही चुरगळलेल्या कपड्यांत पायी हिंडतो. एका वर्षी आईच्या डोक्यात आलं की लेकीचं शस्त्र राहूनच जातंय.

नेमका त्याच संध्याकाळी कागद कंपनीचा माणूस नमुना न्यायला येणार होता. नमुना पांढराशुभ्र निघाला तर ऑर्डर, ऑर्डर आली तर मी पक्की. नाहीतर कंत्राट संपलं की घरी. सुट्टीमुळे कारखान्यात मी एकटीच. आणि घरून, दर्पण कॉलनीतून, ई-रिक्शाने आई हजर, हातात पूजेचं ताट!

"आधी मशीन बंद कर."

"आई, मध्येच बंद केलं तर लगदा चकत्यांत बसेल. एवढा घाणा होऊ दे, मग आज बटणाला हात लावणार नाही. तुझी शपथ."

शपथेने ती विरघळली. चालत्या मशीनला तिने हळदकुंकू लावलं, डोळे मिटले आणि मूठभर अक्षता उधळल्या, त्या थेट वरच्या नरसाळ्यात. मागोमाग ताट कललं आणि करंड्यातलं सगळं कुंकूही आत. मशीन खरखर करत किंचाळलं. मी ते बंद करेपर्यंत खालच्या बादलीत लग्नातल्या आइस्क्रीमसारखी गुलाबी लापशी जमली होती, वर तांदळाच्या कण्या.

"रंग किती सुंदर आला आहे," आई म्हणाली. "यावर लग्नाच्या पत्रिका छापता येतील की!"

माझं डोकं फिरलं. "पत्रिका राहू दे, माझी नोकरी चालली!" असं ओरडले आणि तिथेच फरशीवर बसून भोकाड पसरलं. वयाला न शोभेल असं.

आईने पदर खोचला. मग तिने माझ्याबरोबर चकत्या घासल्या. नवा लगदा भिजलेला होता, लगेच सुरू केलं तर वेळही पुरला असता. पण मी आईची शपथ घेऊन बसले होते. मोडायची हिंमत होईना. मी नुसतीच बटणासमोर उभी राहिले.

"थांबली कशाला आहेस?"

"तुझी शपथ घेतली ना."

"तू घेतलीस. मी कुठे घेतली?" तिने मला बाजूला सारलं. "कोणतं बटण?"

"हिरवं. पण आई, आज नवमी. देवी?"

"तिची फिकर तू नको करू, तिला मी समजावून देईन," असं म्हणत आईने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं.